नाव थरथरली ते दिवस

कापणी सुरू झाली की लाखांदूरच्या हवेत तूस उडायला लागतं. बसस्टँडसमोरच्या चहाटपरीच्या पत्र्यावर, एस.टी.च्या काचांवर, आमच्या शाळेच्या पटांगणातल्या कडुनिंबावर एक बारीक पिवळट थर बसतो. सकाळी दार उघडलं की ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, गोडसर वास आत येतो. दुपारपर्यंत तोच वास वाळून खरखरीत होतो. मुलं वर्गात शिंकत असतात. मी फळ्यावर भागाकार लिहीत असते, आणि मधेच माझे पाय चपलेतून बाहेर येऊन फरशीला टेकतात. फरशी शांत असते. मग मी पुढचा अंक खाली उतरवते.

ही सवय मला एका कापणीने लावली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि रोज नावेने शाळेत जात होते.

मी मूळची आंबागडची. किल्ल्याच्या डोंगराखाली वाढले. बाबा दोन एकर धान करायचे आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या कामाला जंगलात जायचे. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नाला आणि गावतलाव. काठावर उभं राहून दुसरा काठ दिसतो, मधे म्हशी बसलेल्या दिसतात, तेवढंच पाणी. जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हा मी शाळकरी होते. गोंदिया वेगळा झाला आणि आमच्या पुस्तकातला नकाशा एका रात्रीत लहान झाला, याचं मला फार नवल वाटलं होतं. पण पुढे शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा त्या लहान झालेल्या जिल्ह्याच्याही अगदी दुसऱ्या टोकाला, पवनी तालुक्यात, मला पाठवलं. शाळा पिंपळटोलीत. पिंपळटोलीला जायचा जुना रस्ता धरणाच्या पाण्याखाली गेलेला. म्हणून मी आसगावला एक खोली भाड्याने घेतली, आणि सकाळी दहाच्या आत घाटावर जाऊन नावेत बसायला लागले.

ती नाव दयारामकाकांची होती. काका मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातले, साठीच्या पुढचे. तरुणपणी ते कोकणात गेले होते आणि वीस-बावीस वर्षं होड्या बांधण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामात राबले होते. वैनगंगेचं पाणी अडून पसरायला लागलं तेव्हा ते गावी परतले आणि समुद्रावर शिकलेली विद्या त्यांनी आमच्या या गोड्या, गढूळ पाण्यावर वापरली. आमच्या भागात लांबट उथळ डोंगे असायचे. काकांची नाव वेगळी होती. तळाला टोकापासून टोकापर्यंत येनाच्या लाकडाचा जाड कणा होता, मधे डोलकाठी होती, आणि तिच्यावर जाड्याभरड्या कापडाचं शीड. वारा नसेल तेव्हासाठी मागे पाणी उपसायचं जुनं डिझेल इंजिन बसवलेलं. इंजिनावरून पट्टा फिरायचा, पट्ट्यावरून लोखंडी दांडा, आणि दांड्याच्या टोकाला पाण्यात तीन पात्यांचा पितळी पंखा. तो पंखा काकांनी कोकणातून येताना पोत्यात गुंडाळून आणला होता, म्हणे, कपड्यांच्या आधी.

नावेत काकांचे भागीदार होते नामदेवभाऊ. चाळिशीचे, उंच, कमी बोलणारे. त्यांची बांधी, म्हणजे धानाची शेती, पाण्यात गेली होती. गावही गेलं होतं. मधे दोन-तीन वर्षं ते दारूत बुडाले होते, असं आसगावात मला पहिल्याच आठवड्यात तिघांनी सांगितलं. मग काकांनी त्यांना नावेवर घेतलं. दारू सुटली. त्यांची बायको सुमनबाई घाटाजवळच राहायची. सकाळी मी दिसले की हात जोडून म्हणायची, "जयभीम मॅडम. डबा घेतला ना?" मीही हसून जयभीम करायचे. त्या परक्या गावात माझी चौकशी करणारी ती पहिली बाई.

कापणीच्या दिवसांत नाव वजनाने पाण्यात खोल बसलेली असायची. पिंपळटोलीहून आसगावला धानाची पोती यायची. सकाळी पाण्यावर धुकं, त्यात दोन्ही काठांवरून विळ्यांचा सरसर आवाज. बाया ओळीने वाकलेल्या, कापलेल्या धानाचे कडपे मागे पसरत चाललेल्या. थंडी इतकी की नावेच्या कडेला हात ठेवला तर बोटं ओली आणि बधिर व्हायची. डिझेलचा वास, ओल्या पोत्यांचा वास, काकांच्या तंबाखूचा वास. मी पुस्तकं मांडीवर घेऊन बसायचे आणि मागे वळून वळून सुकाणूकडे बघायचे.

काकांच्या ते लक्षात आलं. एक दिवस म्हणाले, "या इकडे. पाहून काय समजते? धरून समजते."

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे जाते, हे माझ्या डोक्यात बसायला आठ दिवस लागले. नंतर मात्र हातात बसलं. वाळलेल्या दोन मोहांच्या मधून निघायचं, मग आसगावची पाण्याची टाकी उजव्या खांद्यावर ठेवून मोठा वळसा घ्यायचा आणि टाकी समोर आली की सरळ. तो वळसा कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, नावांच्या वाटा अशाच वाकड्या असतात.

मग तो शनिवार आला. सकाळची शाळा होती. काकांना ताप भरला म्हणून ते घरी होते. नामदेवभाऊ एकटेच नाव चालवत होते. पिंपळटोलीच्या एका कास्तकाराची वीस पोती नावेत होती, आणि मी. मला आंबागडला जायचं होतं. पवनीहून भंडारा, भंडाऱ्याहून तुमसर, तिथून पुढे. पहिली एस.टी. चुकली तर पुढचं सगळंच चुकणार होतं. वारं सुटलं आणि पोत्यांवरच्या ताडपत्रीची एक कड फडफडायला लागली.

"मॅडम, धरता का जरा?" नामदेवभाऊ म्हणाले. "मी ताडपत्री बांधतो."

मी दांडा धरला. ते पुढे जाऊन पाठमोरे वाकले. समोर मोठा वळसा होता, आणि उजवीकडे सरळ, चकचकीत, मोकळं पाणी. त्या पाण्यापलीकडे घाट दिसत होता. घाटावर एस.टी.चा लाल रंगही दिसल्यासारखा वाटला. मी दांडा डावीकडे ढकलला.

दोन धक्के बसले. पहिला लांबट, खालून कुणी खरवडल्यासारखा. नाव किंचित वर उचलली गेली आणि खाली बसताना दुसरा, आखूड आणि कडक. इंजिनाचा आवाज क्षणभर अडखळला आणि परत सुरू झाला.

नामदेवभाऊ उठून उभे राहिले. "लागलं का काही?"

"गाळ असेल," मी म्हणाले.

त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं. नुसतं एकदाच. मग मागे आले आणि माझ्या हातातून दांडा हळूच घेतला. घाटापर्यंत त्यांनीच नाव नेली. मी उडी मारून उतरले आणि बस पकडली. आंबागडला आईने नव्या तांदळाचा भात केला होता. मी दोनदा वाढून घेतला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला त्या धक्क्यांची आठवणसुद्धा झाली नाही.

सोमवारी घाटावर आले तेव्हा माणसं जमलेली. नाव रविवारी नीट चालली नव्हती. थरथरत होती, हळू जात होती, आणि पंख्याचा दांडा जिथून तळातून बाहेर जातो तिथून पाणी आत येत होतं. काका तापातून उठून, कानाला मफलर बांधून आले होते. नामदेवभाऊ नावेत उभे होते.

"काय झालं, थे सांग," काका म्हणाले.

"लागलं कुठं तरी."

"कुठं?"

नामदेवभाऊंनी मान हलवली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "शुद्धीत असंल तर सांगंल ना." दोघं-तिघं हसले.

तेवढ्यात सुमनबाई आली. कापणीवरूनच आली होती, हातात विळा होता, साडीचा पदर कमरेला खोचलेला. ती सरळ नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

"सुमन..."

"उघडा म्हनते ना."

त्या उंच माणसाने सगळ्यांसमोर मान खाली वाकवून तोंड उघडलं. तिने वास घेतला. वळली आणि बांधीकडे चालायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "दोन दिवसांनी कुठला येते वास?"

मी तिथेच होते. चार हातांवर. माझ्या पायांत चपला होत्या, खांद्याला पर्स होती, जिभेवर एक वाक्य होतं. मी ते बोलले नाही. नामदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. पण तेही खरं नसावं.

काकांनी त्या माणसांना घालवून दिलं. "मॅडमले शाळेत जायचं हाये, तेवढ्यात पाहून घेतो," म्हणाले, आणि आम्ही तिघं निघालो.

त्या सकाळी मी पहिल्यांदा एका माणसाला नावेची नाडी तपासताना पाहिलं. काकांनी आधी चपला काढल्या आणि दोन्ही तळपाय फळीवर सपाट ठेवले. "तुमी बी ठेवा," मला म्हणाले. "हात फसवते. पाय नाई फसवत."

मी पाय टेकवले. फळीतून बारीक, सलग कंप वर येत होता. हिव भरलेल्या माणसासारखा.

"नाव कापून राहिली," काका म्हणाले. "आता कायले कापून राहिली, थे पाहू. नामदेव, पट्टा काढ."

पट्टा काढला. इंजिन तसंच चालू, पण पंखा थांबलेला. कंप गेला. "इंजिन चांगलं हाये," काका म्हणाले. पट्टा परत चढवला. हळू चालवलं, थोडा कंप. वेग वाढवला, तर माझे दात एकमेकांवर आपटायला लागले. "पंखा, नाईतर त्याचा दांडा. नाईतर दोनी." मग त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं आणि शीड वर चढवलं. उत्तरेचा गार वारा होता. शीड भरलं आणि सगळा गोंगाट संपून नुसता पाण्याचा आवाज राहिला. कंप नव्हता. मला वाटलं, चला, पंख्याचंच काय ते. पण काकांचा चेहरा सैल झाला नाही.

"धरा," त्यांनी सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. "सरळ नेऊन पाहा."

मी धरला. नाव सरळ जात नव्हती. डावीकडे ओढत होती, सारखी.

"वारं तर तिकडून नाई," काका स्वतःशीच म्हणाले. "म्हंजे खाली काही लटकून राहिलं. कण्याले बी लागलं." आणि मग नामदेवभाऊंकडे न बघता, "पंखा सुधरवता येते गा. कणा गेला तर नाव गेली. दुसरी बांधायची ताकत नाई माझ्यात आता."

नामदेवभाऊ शिडाची दोरी धरून उभे होते. "मले माहीत हाये, काका," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी मी वर्गात काय शिकवलं, मला आठवत नाही. संध्याकाळी परत येताना सुमनबाई दारात धान पाखडत होती. मी सवयीने हात जोडले, "जयभीम." तिनेही केलं. डब्याचं विचारलं नाही.

मंगळवारी नाव पाण्याबाहेर काढली. काठावर गोल ओंडके आडवे टाकले, पोत्यांच्या दोऱ्या एकत्र वळल्या. कापणी सोडून पंचवीस-तीस माणसं आली, आणि बायाही. ज्यांनी कुजबुज केली तेही आले. ओढताना कोण कुणाच्या मागे उभा आहे, हे कुणी पाहिलं नाही. नाव वर आली, कुशीवर टेकली, आणि तिच्या पोटातून पाणी गळत राहिलं. मी डोंग्याने शाळेत गेले आणि डोंग्याने परत आले. येताना मी ठरवलं होतं की उतरल्याबरोबर सांगायचं. उतरले, तर काका पंख्याजवळ बसले होते आणि सगळे त्यांच्याभोवती वाकून बघत होते. मीही बघत उभी राहिले.

काकांनी एक काडी जमिनीत रोवून तिच्या टोकाला खिळा बांधला होता. खिळा पात्याच्या टोकाजवळ, केसभर अंतरावर. मग ते हाताने पंखा फिरवत होते. पहिलं पातं खिळ्याला लागून गेलं. दुसरं अर्धं बोट लांबून गेलं. तिसऱ्याचं टोकच उडालं होतं. "एक वाकलं, एक तुटलं. पंख्याचा दांडा बी जरासा वाकडा." मग नावेच्या आत बादल्या बादल्या पाणी ओतलं आणि बाहेरून बघत राहिले, कुठून पाझरतं ते. लाकडी हातोडीने कण्यावर टोकाकडून ठोकत आले. टण, टण, टण. आणि मागच्या बाजूला, हातभर जागेत, बद्द.

तिथे खूण केली. अंधार पडत होता म्हणून काम थांबवलं.

बुधवारी शाळा अर्धी करून मी आले. काका त्या बद्द वाजणाऱ्या जागेतून छिन्नीने फाटलेलं लाकूड काढत होते. नामदेवभाऊ नाव धरून होते. सुमनबाई पाण्याची घागर घेऊन आलेली, पण नवऱ्यापासून लांब बसलेली. आणखी पाच-सात माणसं होती. लाकडाचे तंतू कुठल्या दिशेने ओरबाडले गेलेत, ते काका बोटाने चाचपत होते. "नाव उजवीकडे वळत होती. आधी कणा घासला, वर चढला. मग उतरताना पंखा बसला. एक ठोकर नाई, दोन." जणू ते माझ्या शेजारी बसून बघत होते.

मग त्यांनी भेगेतून काहीतरी उचकटून काढलं. विटेचा लहानसा तुकडा, त्याला चिकटलेला चुन्याचा पापुद्रा. त्यांनी तो धोतराला पुसला. पापुद्रा निळा होता.

त्यांनी तो तुकडा तळहातावर धरून सगळ्यांसमोर केला.

"पान्यात गेलेल्या गावात निळं घर किती होते?" त्यांनी विचारलं.

सुमनबाईच म्हणाली, "एकच. आमचं."

"म्हंजे पाहा!" एक जण म्हणाला. "पिऊन आपल्याच घरावर घातली नाव."

काकांनी मान वर केली. त्यांना राग आलेला मी एकदाच पाहिला, तो तेव्हा. "पिऊन मानूस घराकडेच जाते, हे मले नको शिकवू. पन हा तिथं जन्मला. त्या घराची वीट यानं थापली. हा झोपेत बी तिथून नाव नेनार नाई. ज्यानं तिथं घर पाहिलं, त्याले अजून बी घरच दिसते. जो तिथं कदी चाललाच नाई, त्यालेच नुसतं पानी दिसते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण तिथे बसलेल्यांत तिथे कधीच न चाललेली अशी मी एकटीच होते.

"मी होते," मी म्हणाले. "सुकाणू माझ्या हातात होतं. मला बस पकडायची होती. मी सरळ आणली नाव. नामदेवभाऊ प्यायले नव्हते."

काकांनी छिन्नी खाली ठेवली.

"मीच देल्ला होता दांडा," नामदेवभाऊ म्हणाले. "चूक माही हाये."

सुमनबाई उठली. "काहून नाई सांगितलं मले?"

"तू इचारलं नाई," ते म्हणाले. अजिबात रागाने नाही. "तू वास घेतला."

ती घागरीजवळ परत खाली बसली. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं शिव्या देईल. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तीन दिवस तुमी मले जयभीम केला, मॅडम," ती म्हणाली. "रोज."

त्यानंतर आयुष्यात माझ्या चुकांबद्दल मला बरेच जण बोलले. साहेब, सासरचे, पालक. ते बहुतेक मी विसरले. हे एवढं वाक्य जसंच्या तसं राहिलं आहे, तिच्या आवाजासकट.

पुढचे पंधरा दिवस नाव काठावर होती. मी शाळेतून आले की तिथे जाऊन बसायचे. मला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. काका वाकलेलं पातं तापवायचे, ऐरणीवर ठेवून हलक्या हाताने ठोकायचे, परत खिळ्याजवळ फिरवून बघायचे. केसभर फरक दिसला की परत तापवायचे. तुटलेल्या पात्याला दुसरं पितळ जोडून कानसेने घासायचे. पंख्याचा दांडा पवनीच्या लेथवाल्याकडून सरळ करून आणला. कण्याचा कुजका-फाटका भाग तिरपा कापून त्याच मापाचा नवा तुकडा बसवला, दोन्ही बाजूंनी बोल्ट मारले, भेगांत सूत आणि राळ ठासली. मी मापाच्या दोरीचं दुसरं टोक धरायचे. तेवढंच काम मला येत होतं.

एका दुपारी काका घरी जेवायला गेले होते आणि नामदेवभाऊ आणि मी दोघंच होतो. मी माफी मागितली. ती मी घोकून आले होते, त्यामुळे ती फार वाईट झाली.

त्यांनी ऐकून घेतलं. मग राळेचा हात तणसाला पुसत म्हणाले, "ताडपत्री सुटली नोती, मॅडम."

मला कळलं नाही.

"त्या दिवशी. ताडपत्री चांगली बांधलेली होती. मी त्या जागेपाशी आलो का काही ना काही काढतोच. दोरी पाहतो, पोते सरकवतो. वर नाई पाहत." पुढे म्हणाले, "दीड वर्ष झालं नाव चालवून राहिलो त्या पान्यावर. घराकडं येकदा बी नाई पाहिलं. त्या दिवशी ठोकर बसली अन् मले समजलं, हा आपलाच ओटा हाये. आवाजानं समजलं. मंग काय सांगू काकाले? कुठं लागलं म्हनून? तोंडातून निंगतच नोतं."

इतके दिवस मी समजत होते की ते मला वाचवण्यासाठी गप्प राहिले. त्यांच्या मौनात माझी जागा फार थोडी होती, हे त्या दुपारी कळलं, आणि लाज उलट वाढली.

नाव पाण्यात उतरवली तेव्हा कापणी संपत आली होती. बांध्या मोकळ्या झाल्या होत्या, खळ्यांवर पुंजणे उभे राहिले होते, धानाच्या भाऱ्यांचे गोल उंच ढीग, सकाळच्या उन्हात सोनेरी. काकांनी इंजिन सुरू केलं आणि आम्ही सगळ्यांनीच चपला काढल्या. फळी गप्प होती. काका पहिल्यांदा हसले. मग सुकाणू सोडून उठले आणि मला म्हणाले, "बसा."

"नको काका."

"बसा म्हनतो ना. तुमाले दांडा धरता येते. खाली काय हाये थे माहीत नाई. थे मले नाई शिकवता येत. मी त्या गावचा नाई." आणि नामदेवभाऊंकडे वळून, "सांग गा त्याईले."

काका काठावर उतरले. नामदेवभाऊ माझ्या शेजारी आले, आणि तेवढ्यात सुमनबाई पदर सावरत नावेत चढली. तिला पिंपळटोलीत काही काम नव्हतं. मी वळशाच्या तोंडाशी नाव आणली.

"आता हळू करा," नामदेवभाऊ म्हणाले. "इथून पांदन सुरू होते. हे उजवीकडे महादूचं खळं. त्याच्या बाजूनं विहीर, तिची तोंडी अजून उभी हाये, डावीकडे ठेवा."

"विहीर पुढं हाये," सुमनबाई म्हणाली. "आधी चिंच."

"चिंच तोडून नेली ना लोकायनं."

"तोडली तरी बुड हाये ना तिथंच. नावेले बुडच लागंल." आणि मग माझ्याकडे न पाहता, "अजून थोडं डावीकडे घ्या. इथं समाजमंदिराचा कट्टा होता. याच्यावर बसून आमी पोरी मेंदी लावत होतो."

ते दोघं बोलत गेले, एकमेकांना खोडत गेले. पाणी तेच होतं, चकचकीत आणि मोकळं. पण त्याच्याखाली एकेक ओळ उमटायला लागली. गल्ली, वळण, पाणवठा, कुणाचा तरी गोठा, जिथे दरवर्षी साप निघायचा. मी त्यांच्या शब्दांप्रमाणे दांडा हलवत होते, आणि माझ्या हातांना ते गाव पाठ होत होतं. घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. पिंपळटोलीच्या काठावर मुलं उभी राहून आमच्याकडे बघत होती, की आज मॅडमची नाव पाण्यात अशी नागमोडी का फिरते आहे.

मग दोघंही एकदम बोलायचे थांबले. नामदेवभाऊ समोर बघत होते. मी इंजिन अगदी हळू केलं.

सुमनबाईने पुढे वाकून माझ्या हातावर हात ठेवला. तिचा तळवा विळ्याने खडबडीत झालेला आणि गरम होता. तिने दांडा माझ्या हातासकट थोडासा आपल्याकडे ओढला.

"बाजूनं न्या, मॅडम," ती म्हणाली. "इथं आमचं आंगन हाये."